सिरीज आमची, पण कागद कुणाकडेच नाही. ६० हजारात सगळे हक्क द्यावेत का?

एडिटवाली_सदाशिव:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय २७, मूळची बार्शीची, आता पुण्यात. पाच वर्षं एडिटिंग करतेय, म्हणजे खरं सांगायचं तर लग्नं. सीझनला लग्नं आणि उरलेलं वर्ष चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या एव्ही, म्हणजे कंपनीची ओळख करून देणाऱ्या छोट्या फिल्म, त्यात मशीन स्लो मोशनमध्ये फिरतं आणि मागे ते टाळ्यांचं म्युझिक, बास. भाडं त्यातून निघतं. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून यूट्यूबसाठी सहा भागांची छोटी सिरीज केली, जुन्या वाड्यातली एक आजी आणि तिच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या दोन मुली. वाडा खरा आणि आजी पण खऱ्या, आमच्या घरमालकीणबाई, वय ७८, कॅमेऱ्याला अजिबात घाबरत नाहीत, उलट "हे नीट नाही झालं, परत घे" असं आम्हालाच सांगतात. पैसे घातले मी, साधारण ८५ हजार, गोष्ट माझी, संवाद एका मित्राने लिहिले, दुसऱ्याने स्वतःचा कॅमेरा आणला. कुणी कुणाला रुपया दिला नाही, पोहे आणि चहा एवढंच.

तिसऱ्या भागातला बंबावरून मुलींना झापायचा तुकडा बऱ्यापैकी फिरला, चॅनेलला आता ११ हजारावर सबस्क्रायबर आहेत, महिन्याला तीन-चार हजार येतात. आणि गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका कंपनीचा मेल आला. ६० हजार एकरकमी, बदल्यात सहाही भागांचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी, शिवाय आजीच्या पात्राचे पण हक्क. दुसरा सीझन ते करणार, त्यात मला क्रिएटिव्ह कन्सल्टंट घेऊ असं फोनवर म्हणालेत, कागदावर नाही. शुक्रवारपर्यंत सही हवीय. मी ग्रुपवर सांगितलं तर संवादवाला मित्र म्हणतो अर्धे माझे. मला धक्काच बसला, इतकी वर्षं ओळखतो एकमेकांना.

तर प्रश्न दोन. हे घ्यावं का? आणि लग्नं सोडून या असल्या कामावर पुण्यात बसून जगता येतं का, का मुंबईला जायलाच लागतं?

निगडीचा_नाग:
घे ६० हजार आणि नवीन कर काहीतरी. मराठीत कोण विचारतंय एवढं. आमच्या एकांकिकेला करंडक मिळाला तेव्हा भरत नाट्य मंदिराच्या बाहेर आव्वाज कुणाचा करून घसे बसवून घेतले, पुढे काय, तो करंडक पण कॉलेजने कपाटात ठेवून घेतला.

अर्धा_कप:
नाग भाऊ, म्हणूनच तुझं काही झालं नाही 😄

ताई, या शुक्रवारी तरी सही करू नकोस. तू ६० हजार कमी की जास्त एवढंच बघतेयस, मला त्या करारातलं दुसरंच कलम बघायचंय. शेवटच्या दोन-तीन पानांत बघ, असं काहीतरी असणार की "यातल्या सगळ्या गोष्टींची मी एकटी मालक आहे अशी हमी देते, उद्या कुणी दावा केला तर कंपनीचं नुकसान आणि वकिलाचा खर्च मी भरेन." वॉरंटी आणि इन्डेम्निटी म्हणतात त्याला. आता सांग, आहेस का तू एकटी मालक?

फिल्मचा कॉपीराइट निर्मात्याचा, आणि कायद्याच्या भाषेत निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, म्हणजे तू, इथपर्यंत ठीक. पण संवाद हे वेगळं लिखाण, ते ज्याने लिहिलं त्याचं. तो काही तुझ्याकडे पगारावर नव्हता. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी कागद आणि सही लागते, पोह्याच्या प्लेटीवर ठरलेलं धरत नाहीत. त्यामुळे अर्धे हा आकडा बरोबर की चूक ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मागायला त्याच्याकडे जागा आहे. तू त्याच्यावर चिडलीयस ते कळतं, पण उद्या तू सगळं माझं म्हणून सही केलीस आणि त्याने कंपनीला नोटीस पाठवली तर ६० हजार तर जातीलच, वर घरचे जातील.

म्हणजे कंपनीने पाठवलेल्या कागदापेक्षा तुम्ही तिघांनी न केलेला कागद जास्त महाग पडणारे. हे मी स्वतः भोगलंय. २०१३ साली एका मालिकेसाठी कन्सेप्ट ऐकवला, तीन मीटिंगा, चहा, वा वा, कागद काही नाही. वर्षाने टीव्हीवर बघतो तर पात्रांची नावं बदललेली आणि बाकी सगळं कुत्र्यासकट तेच. कुणाकडे जाणार, माझ्याकडे तारीख असलेला एक ईमेल पण नव्हता. तेव्हापासून काहीही ऐकवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवतो, मेंबर झालं की ऑनलाइन होतं. त्याने चोरी थांबत नाही, पण अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं एवढं दाखवता येतं.

करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून कंपन्या कायमस्वरूपी आणि जगभर हे शब्द न विसरता घालतात. तू त्यांना म्हण, विकत नाही, वापरायला देते. सहा भाग, दोन वर्षं, त्यांच्या प्लॅटफॉर्मपुरते. पात्राला हात लावायचा नाही, दुसऱ्या सीझनचा वेगळा करार आणि त्यात मूळ संकल्पना म्हणून तुझं नाव. ६० चे ३० झाले तरी चालतील. सहा भाग काय, परत करशील, पण आजीच्या पात्राचे हक्क एकदा विकले की तुझ्याच वाड्यात तुला शूटिंग करता येणार नाही.

आणि मित्रांचं म्हणशील तर लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय, ती फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, ती प्रभात फिल्म कंपनीची जागा. पाच भागीदारांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात कंपनी काढली, १९३३ मध्ये पुण्यात आणली, इतकं मोठं काम केलं आणि १९४२ मध्ये व्ही. शांताराम बाहेर पडले. त्यांचं टिकलं नाही तिथे तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप काय घेऊन बसलीस. लिहून घ्या.

एडिटवाली_सदाशिव:
बघितलं. पान ९ वर आहे अगदी हेच 😐 आणि मी ते वाचलं होतं, पण ते सगळीकडेच असतं म्हणून सोडून दिलं होतं. मित्राशी अजून बोलले नाहीये, डोकं शांत झालं की बोलते.

बूमवाला:
साउंडचं काम करतो, पंधरा वर्षं झाली, आम्हाला कुणी फोरमवर पण विचारत नाही, तरी बोलतो. तू मेसेजमध्ये लिंक दिलीस ती हेडफोन लावून बघितली. तिसरा भाग, आजी बंबावरून बोलतात तेव्हा मागे स्वयंपाकघरात रेडिओ चालू आहे आणि त्यावर जुनं हिंदी गाणं, सात-आठ सेकंद. लक्षात आलंय का कुणाच्या? यूट्यूबची यंत्रणा आज ना उद्या ओळखणार, क्लेम आला की त्या भागाचे पैसे गाण्याच्या कंपनीला. आणि मुंबईवाले घेताना नाही तर घेतल्यावर ऐकतीलच, मग परत ते पान ९.

घोळ असा आहे की एकच माइक होता ना? तोही कॅमेऱ्यावरचा असणार, आवाजावरून कळतंय. म्हणजे आजी आणि रेडिओ एकाच ट्रॅकवर, गाणं काढायला गेलं की आजी पण जाते. ते एआयवालं टूल लावून बघ, पण म्हाताऱ्या माणसाचा आवाज त्यात पत्र्यासारखा होतो, माझा अनुभव. त्यापेक्षा आजींना बसवून तेवढी चार वाक्यं परत घे, त्याच स्वयंपाकघरात, दुपारी दोन ते चार, पेठेत तेव्हाच शांत असतं. फ्रिज बंद कर आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायला विसरणार नाहीस, मी एकदा एकांचं दीड किलो श्रीखंड घालवलंय. वाक्यं झाली की एक मिनिट कुणीही काही न बोलता नुसता खोलीचा आवाज घे, तो खाली पसरायचा, नाहीतर जोड कळतो.

पाचव्या भागात आजी नाट्यपद गुणगुणतात ते बहुतेक ठीक आहे, कवी आणि चाल देणारा दोघंही जाऊन ६० वर्षं उलटली असतील तर पद मोकळं. पण त्याचं रेकॉर्डिंग कुठून उचलून लावू नकोस, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

आणि एक मनातलं. संवादवाल्याने अर्धे मागितले तर धक्का बसला म्हणतेस, कॅमेरावाल्याने काहीच मागितलं नाही म्हणून त्याचं शून्य धरू नकोस. एवढ्या दिवसांचं कॅमेऱ्याचं भाडं काय झालं असतं ते डेक्कनवर जाऊन विचार एकदा.

खतावणी:
थोडक्यात हिशोबाचं. ६० हजारावर टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतील, बहुधा दहा टक्के, तसं झालं तर हातात ५४. रिटर्न भरलंस तर हिशोबात धरला जातो, जास्त कापला असेल तर परत मिळतो, पण पूर्ण रक्कम तुझ्या नावावर आली की तुझंच उत्पन्न दिसतं, म्हणून मित्रांचा वाटा कॅशमध्ये देऊ नकोस, बँकेतून दे आणि कशाचा ते लिही. ब्रँडने महागडा फोन वगैरे फुकट दिला आणि वर्षात २० हजाराच्या वर गेलं तर त्यावरही टीडीएस आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जीएसटी नोंदणी सेवांना वर्षाला २० लाखांच्या वर, तिथे तू अजून नाहीस, हो तेव्हा पेढे दे.

वानवडीची_वेंधळी:
तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. मी २०१९ च्या डिसेंबरमध्ये हिंजवडीतली नोकरी सोडली, मुहूर्त बघा 🤦‍♀️ तीन महिन्यात लॉकडाऊन. तरी टिकलेय.

यूट्यूबच्या जाहिरातींवर जगायचा विचार सोड. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी चार हजार तास बघितलं की जाहिराती सुरू होतात, मोठ्या व्हिडिओवर ५५ टक्के आपल्याला, शॉर्ट्सवर ४५, पण मराठीत जाहिरातीचा दरच कमी. माझं गेल्या वर्षीचं सांगते, शंभर रुपये आले असं धर तर त्यातले पंधरा यूट्यूबचे, तीसेक ब्रँडचे आणि बाकी सगळे दुसऱ्यांची कामं करून, एडिटिंग, कॉलेजात वर्कशॉप, दोन एव्ही. म्हणजे लग्नं सोडू नकोस, लग्नं निवड. मी आता सीझनला आठच घेते, दर वाढवला, जानेवारी मोकळा ठेवते कारण पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बहुतेक तेव्हाच असतो आणि तिथे रांगेत उभं राहून जेवढी कामाची माणसं भेटतात तेवढी इन्स्टावर भेटत नाहीत. मुंबईला मीटिंगपुरतं जाते, सकाळी ट्रेन, रात्री घरी.

ब्रँडचं मात्र जपून. एका तेलवाल्यांनी मला सांगितलं की आईला बाटली हातात धरून नुसतं हसायला सांगा, जाहिरात आहे असं लिहू नका, नैसर्गिक वाटू दे. मी लिहिणार म्हटलं, नियम आहे, तर ते गेले. तुझ्या आजींना हे सगळं विचारणार आहेत लोक, बघ. आणि हो, आजींची सही घेतलीयस का? त्यांचा चेहरा, त्यांचं काम, त्यांचं घर. घरमालकीणबाई आहेत म्हणून विचारायचं राहिलं असेल.

अर्धा_कप:
वेंधळे, हे माझ्याकडून सुटलं होतं. बरोबर आहे.

एडिटवाली_सदाशिव:
अपडेट. शुक्रवार गेला, सही केली नाही. कंपनीला दोन वर्षांचा परवाना, पात्र सोडून, असा मेल टाकला. त्यांचं उत्तर आलं की हा आमचा स्टँडर्ड करार आहे, बदलत नाही. मी बरं म्हटलं. मग सोमवारी त्यांचाच फोन, लीगलला विचारतो. सध्या तिथेच आहे.

मित्राकडे गेले होते, कर्वेनगरला. पहिला अर्धा तास दोघं नुसते त्याच्या मांजराशी बोलत होतो. मग कळलं की त्याला पैशांपेक्षा हे लागलं होतं की मी ग्रुपवर "माझ्या सिरीजला ऑफर आलीय" असं लिहिलं. लिहिलं होतं, मी स्क्रोल करून बघितलं. आधी माझे ८५ हजार वळते करायचे आणि त्यावर जे राहील त्याचं मला ४०, त्याला ३५, कॅमेऱ्याला २५ असं वहीत लिहून तिघांनी सह्या केल्या, आता स्टॅम्प पेपरवर करतोय. ६० हजारात कुणालाच काही मिळत नाही हे तेव्हा कळलं, जाम हसलो. कॅमेरावाला म्हणाला मला २० पण चालले असते. बूमवाले दादा, तुमचं नाव घेतलं मी तिथे.

रेडिओचं काम मंगळवारी दुपारी केलं, किल्ली फ्रिजमध्ये ठेवून. आजींनी चारही वाक्यं पहिल्या टेकला दिली, फक्त बंबाच्या ऐवजी गिझर म्हणाल्या, ते परत घेतलं.

त्यांच्या सहीचा कागद मात्र अडकलाय. नेटवरून इंग्लिश फॉर्म काढून नेला होता, त्यांनी भिंग लावून पूर्ण दोन पानं वाचली आणि परत दिला. म्हणाल्या, "मराठीत लिहून आण, आणि यात माझं मानधन कुठे लिहिलंयस?" कुणाकडे मराठी नमुना असेल तर पाठवा प्लीज, भाडं पण त्यांनाच द्यायचंय एक तारखेला.