मदत हवी आहे: मुलींचा संघ फुटतोय, शुक्रवारपर्यंत मुदत

पहाटवेळ:
विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कर्णधार आहे. सुरुवातीला १८ जणी होतो, आता ९ उरलोय. अकरा जणी भरल्या नाहीत तर स्पर्धेतून नाव मागे घेणार, असं प्रशिक्षक सर म्हणालेत. त्यांचं म्हणणं, मुलींना रसच नाही. रोज ग्रुपवर मेसेज टाकते, एकेकीला भेटून झालं. काय करू? लवकर सांगा.

शिट्टी:
अकरा म्हणजे हॉकी, क्रिकेट की फुटबॉल? सराव किती वाजता? सोडताना मुली काय म्हणाल्या?

लंबक:
खेळ कुठलाही असो, हजेरीला बक्षीस ठेवा. आमच्या संघाला लागू पडलं होतं.

पहाटवेळ:
फुटबॉल. सराव रात्री ८ ते ९.३०. कारणं प्रत्येकीची वेगळी. अभ्यास, घरचे नको म्हणतात, दोघींचे गुडघे.

जुनी_धावपटू:
रात्री आठ का? त्याआधी मैदानावर कोण असतं? आणि वसतिगृहाचं गेट कधी बंद होतं?

पहाटवेळ:
५ ते ८ मुलांचा संघ. गेट ९.३०ला. आम्ही पंधरा मिनिटं आधीच पळतो. हे पहिल्यापासून असंच आहे म्हणून लिहिलं नाही.

जुनी_धावपटू:
अगं, मग अडचण इथेच आहे! घरचे "नको" म्हणतात ते खेळाला की रात्री परत येण्याला, हे विचारलंस का? आमच्या वेळीही मुलींना उरलेली वेळच मिळायची. मी दोन वर्षं त्यात घालवली, मग खेळ सोडला. अजून सलतं.

लंबक:
ज्याला खेळायचंय तो मध्यरात्रीही येतो. सगळं वेळेवर ढकलू नका.

शिट्टी:
मुलांना रात्री ८ची वेळ देऊन बघा, किती टिकतात ते. "रस नाही" हे जुनं उत्तर आहे. अमेरिकेत १९७१-७२ साली शाळांच्या संघांत सुमारे २ लाख ९४ हजार मुली होत्या. १९७२ला शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा झाला. २०१८-१९पर्यंत हा आकडा ३४ लाखांवर गेला. आवड आकाशातून पडली नाही, संधी मिळाली.

लंबक:
तो कायदा तिथला. तिला शुक्रवारपर्यंत संघ हवाय.

फिजिओताई:
गुडघ्यांबद्दल बोलते. फुटबॉलमध्ये एसीएल (गुडघ्याला स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन ते तीन पट असतो. फिफाचा ११ प्लस हा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप नेमका यासाठी आहे. गेट गाठायच्या घाईत तुम्ही वॉर्मअप वगळता का?

पहाटवेळ:
हो. पूर्णपणे.

निळी_वही:
कपडे कुठल्या रंगाचे आहेत? पांढऱ्या शॉर्ट्समुळे पाळीच्या दिवसांत माझ्या दोन मैत्रिणी सरावाला यायच्या नाहीत, आणि हे कुणाला सांगायच्याही नाहीत. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ मध्ये पांढऱ्या शॉर्ट्स बदलून निळ्या घेतल्या. विम्बल्डननेही त्याच वर्षी आत गडद शॉर्ट्स घालायला परवानगी दिली.

हिरवळ:
बुटांबद्दल कुणीच बोललं नाही. कृत्रिम हिरवळीवर लांब खिळ्यांचे बूट नकोत.

शिट्टी:
बूट नंतर. पहाटवेळ, सोडून गेलेल्या नऊ जणींना एकच प्रश्न पाठव: सराव ६ला असता तर आली असतीस का?

पहाटवेळ:
विचारलं. सात जणी "हो" म्हणाल्या. एक म्हणाली, तिच्या बाबांनी खेळायला कधीच अडवलं नव्हतं, फक्त रात्रीचं नको म्हणाले होते. मी तिला आळशी समजत होते. फार वाईट वाटतंय.

जुनी_धावपटू:
तिला तसं सांग. आणि सरांकडे तोंडी जाऊ नकोस. आठवड्यातले तीन दिवस वेळेची अदलाबदल माग, सात जणींच्या सह्या जोड.

लंबक:
सात म्हणजे बऱ्याच आहेत. मुलांच्या कर्णधारालाही सही मागा, नाही म्हणाला तरी विचारल्याची नोंद राहील.

पहाटवेळ:
अर्ज लिहायला घेतलाय. शॉर्ट्सचा मुद्दा त्यातच घालू का?

निळी_वही:
वेगळा अर्ज कर. नाहीतर त्यावरच चर्चा होईल आणि वेळेचं राहून जाईल.

शिट्टी:
प्रत क्रीडा विभागालाही दे. तारखेचा शिक्का मारून पोच घे.