पाच रुपयांची पावती
कोरोनाच्या दुसऱ्या लाटेबद्दल ‘लोकांनीच नियम पाळले नाहीत, सरकार काय करणार’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नाशिकचा पावतीचा प्रकार विसरलात का? मार्च २०२१ संपता संपता मुख्य बाजारपेठेत शिरायला माणशी ५ रुपये, तेही तासाभरापुरते. जास्त रेंगाळलं तर ५०० रुपये दंड. का, तर म्हणे गर्दी नको!

मी कोथिंबीर-मिरची आणायला गेलो तर आत बऱ्यापैकी मोकळं आणि बाहेर पावतीच्या रांगेत माणसाला माणूस चिकटलेला. मागचे आजोबा मास्क हनुवटीवर ओढून सुट्टे मागत होते. मग सांगा, गर्दी केली कोणी? पुढच्या महिन्यात तर कोरोनाच्या रुग्णांना देत असलेल्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी लोक औषधांच्या दुकानांबाहेर ताटकळले, तिथे कसली आलीये पावती.