समाजशास्त्र जन्मलं कुतूहलातून की धास्तीतून?

खडूपाटी (धागाकर्ता)

दर वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहितो : 'समाजशास्त्राचा जनक – ऑगस्त कॉम्त.' मुलं उतरवून घेतात. एका मार्काचा प्रश्न, विषय संपला. यंदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग आई कोण?" वर्ग खिदळला, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत प्रश्न काही डोक्यातून जाईना.

माझं उत्तर असं : आई म्हणजे १७८९च्या फ्रेंच क्रांतीनंतरची धास्ती.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट आपल्याला पाठ आहे. प्रबोधनाचा काळ आला, न्यूटनने निसर्गाचे नियम शोधले, त्याच चालीवर कुणीतरी समाजाचेही नियम शोधायला निघालं. हे अर्धंच खरं. कॉम्त जन्मला १७९८मध्ये, माँपेलिएत, कट्टर कॅथलिक आणि राजनिष्ठ घरात. तोवर राजाचं डोकं उडालं होतं, चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या, कारागिरांच्या जुन्या श्रेणी (म्हणजे संघ) कायद्याने मोडल्या होत्या. मग नेपोलियन, मग परत राजे, मग १८३०ची क्रांती. हा माणूस वाढलाच मुळी पडझडीत. त्याचा सहा खंडी ग्रंथ १८३० ते १८४२ या काळात आला, आणि 'सोशिऑलॉजी' हा शब्द त्याने छापला चौथ्या खंडात, १८३९ला. आधी तो 'सामाजिक भौतिकी' म्हणायचा. पण बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केतले याने १८३५मध्ये तेच नाव आपल्या आकडेवारीला लावलं, म्हणून चिडून याने नवा शब्द पाडला. अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक. भाषाशुद्धीवाले तेव्हाही वैतागले होते.

आता पुस्तकं जे सांगत नाहीत ते. कॉम्तने ज्यांचे उपकार उघडपणे मानले, त्यांत द मेस्त्र आणि बोनाल्ड हे विचारवंत, क्रांतीचे हाडवैरी, आहेत. माणसं एकत्र येऊन करार करतात आणि त्यातून समाज बनतो, ही रूसोची कल्पना त्यांना साफ नामंजूर. त्यांच्या लेखी समाज आधी, माणूस नंतर. ओळखीचं वाटतंय ना? पहिल्या वर्षाला आपण हेच शिकवतो! कॉम्तने त्यांच्या देव्हाऱ्यातला देव काढला आणि तिथे 'मानवता' बसवली. देव्हारा तोच. पुढे त्याने खरोखरच धर्म काढला. १८४९मध्ये पंचांगही केलं. अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने, महिन्यांना मोझेस, होमर, अॅरिस्टॉटल, गुटेनबर्ग, शेक्सपियर अशी नावं, उरलेला एक दिवस सगळ्या मृतांचा. म्हणजे आपली सर्वपित्री.

तेव्हा माझा मुद्दा : हे शास्त्र 'समाज कसा आहे' या कुतूहलातून कमी आणि 'आता हा टिकतो कसा' या भीतीतून जास्त जन्मलं. म्हणून 'कोण कुणाच्या डोक्यावर बसलंय' हा प्रश्न त्याच्या घरात उशिरा आणि बाहेरून आला. मार्क्सने स्वतःला कधी समाजशास्त्रज्ञ म्हणवून घेतलं नाही, ते उगाच नव्हे.

हाणा आता.

---

दुपारचा_चहा

हाणतोच. तुमची गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होऊन पॅरिसमध्येच संपते, हीच तिची अडचण.

कॉम्त जन्मायच्या एकतीस वर्षं आधी, १७६७मध्ये, अॅडम फर्ग्युसनने नागरी समाजाच्या इतिहासावर निबंध लिहिला. हा माणूस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या वेशीवरचा, गेलिक बोलणारा, काही वर्षं डोंगरी पलटणीचा पाद्री. एका बाजूला कुळं, कुळाचा नायक, त्याच्यासाठी जीव देणारी माणसं. दुसऱ्या बाजूला चार दिवसांच्या वाटेवर एडिंबरा : दुकानं, वकील, कॉफीखाने. दोन वेगळी युगं एकाच आयुष्यात, चालत जाण्याच्या अंतरावर. अशा माणसाला 'समाज बदलतो कसा' हा प्रश्न पडायला गिलोटिन लागत नाही.

त्याचा सगळ्यात मोठा विचार असा : संस्था माणसांच्या कृतीतून बनतात, पण माणसांनी आखलेल्या बेतातून नाही. राष्ट्रं अडखळत अडखळत आपल्या व्यवस्थांवर येऊन आदळतात. देव नाही, करार नाही, राजाची करामत नाही. समाजशास्त्राला स्वतःचा विषय मिळाला तो इथे. वर कामाच्या वाटणीने उत्पादन वाढतं पण कामगार मठ्ठ होतो आणि नागरिकपण झिजतं, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. त्याचा शेजारी जॉन मिलर १७७१मध्ये चक्क 'उच्चनीच भेद कसे उपजले' यावर पुस्तक लिहितो, त्यात बायका, गुलाम, नोकर सगळे येतात. म्हणजे तुमचा 'कोण कुणाच्या डोक्यावर' हा प्रश्न उशिरा आला नाही हो, आधीच येऊन बसला होता. नंतर पॅरिसवाल्यांनी त्याला बाहेर काढलं.

आणि त्याच्याही आधी फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचा ग्रंथ, १७४८चा. तुमचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्केम (आपल्या क्रमिक पुस्तकांचा 'डरखाईम') लॅटिन प्रबंध कुणावर लिहितो? माँतेस्क्यूवर. १८९२मध्ये. वंशावळ मुलानेच लिहून दिली आहे, आणि तुम्ही आजोबा बदलताय.

---

वाटसरू

युरोपातल्या युरोपात चाललंय सगळं. इब्न खल्दून? ट्युनिसचा इतिहासकार, १३३२चा जन्म. ऐन तरुणपणी प्लेगमध्ये आईवडील गेले, मग दरबार, कैद, कारस्थानं. शेवटी अल्जीरियातल्या एका गढीत बसून १३७७मध्ये 'मुकद्दिमा' लिहिली. त्यात 'उम्रान'चं, म्हणजे माणसांच्या एकत्र वस्तीचं, एक नवं शास्त्र आपण मांडतोय असं तो स्वतः सांगतो. 'असबिय्या' ही त्याची मुख्य कल्पना. वाळवंटातल्या टोळीत जी घट्ट एकी असते तिच्या जोरावर टोळी शहर जिंकते, मग शहराच्या सुखात ती एकी विरघळते, आणि साधारण तीन पिढ्यांत राजघराणं पोकळ होतं. मग पुढची टोळी.

पेशव्यांचा इतिहास वाचताना मला हा माणूस दर दोन पानांनी आठवतो. असो, ते अवांतर.

---

तिरकस_चष्मा

वाटसरू, मुकद्दिमा थोरच. पण मग 'लियोनार्दोने विमान शोधलं' हेही मान्य करा. इब्न खल्दूनचं शास्त्र पुढे कोणी चालवलं? ना शिष्यपरंपरा, ना पीठ, ना परीक्षा. युरोपात त्याचं नीट वाचन सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकात, फ्रेंच भाषांतरानंतर. तोवर कॉम्त मरूनही गेला होता. एखाद्याला सुचणं वेगळं आणि शास्त्र उभं राहणं वेगळं.

---

वाटसरू

@तिरकस_चष्मा मग त्या न्यायाने कॉम्तही बाद! त्याला विद्यापीठात कधी धड खुर्ची मिळाली नाही. घरी व्याख्यानं दिली, १८२६मध्ये तीन झाली आणि डोकं फिरलं म्हणून व्याख्यानमालाच बंद पडली. पुढे इंग्रज तत्त्वज्ञ मिल वगैरे लोकांनी पैसे पाठवले म्हणून चूल पेटत होती. शिकागो विद्यापीठातला समाजशास्त्राचा विभाग १८९२चा, दुर्केम बोर्दो विद्यापीठात शिकवायला लागला १८८७मध्ये. संस्थाच हवी तर 'जनक' तिथला कोणी लावा.

---

आकडेमोड

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो, पण आता राहवत नाही. सगळे तत्त्वज्ञांची नावं फेकताय. हे शास्त्र कारकुनांनी जन्माला घातलं.

१८२०च्या दशकापासून फ्रान्सचं न्यायखातं गुन्ह्यांचे वार्षिक तक्ते छापायला लागलं. केतलेने ते वाचले आणि हादरला : खून, चोऱ्या दर वर्षी जवळजवळ तितक्याच! प्रत्येक खुन्याचं कारण वेगळं, राग वेगळा, तरी बेरीज ठरल्यासारखी. 'समाज नावाची वेगळी गोष्ट असते' हे कुठल्याही बोनाल्डने नव्हे, त्या तक्त्यांनी दाखवलं. तीच गोष्ट दुर्केमच्या १८९७च्या 'आत्महत्या' पुस्तकाची. त्यामागे सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी आहेत. वय, स्त्री की पुरुष, लग्न झालेलं की नाही, मुलं आहेत की नाहीत, अशी त्यांची वर्गवारी करत बसला त्याचा भाचा मार्सेल मोस. संगणक नाही, एक्सेल नाही. पंचविशीही न गाठलेला पोरगा आणि कागदांचे गठ्ठे.

आणि सगळ्यात मजेचा भाग : या नोंदी मिळवून कोणी दिल्या? न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख गाब्रिएल तार्द याने. तोच तार्द, ज्याचा 'समाज म्हणजे अनुकरण' हा सिद्धान्त त्याच पुस्तकात दुर्केमने एक अख्खं प्रकरण खर्चून झोडपला. याला म्हणतात ज्याचं खावं मीठ... वगैरे.

---

मधली_सुट्टी

सर, त्या मुलीला खरं उत्तर द्या की. आई : हॅरिएट मार्टिनो.

नॉर्विचची, १८०२चा जन्म, लहानपणापासून कानाने अधू. अमेरिका बघायला निघाली तेव्हा जहाजावरच 'समाज पाहावा कसा' याची पद्धत लिहायला घेतली, ती पुस्तकरूपाने १८३८ला आली. कॉम्तचा शब्द छापून यायच्या एक वर्ष आधी! तिचं म्हणणं, लोकांना नुसती मतं विचारू नका, आधी वस्तू बघा. थडग्यांवर काय कोरलंय, तुरुंग कसे आहेत, लोक गाणी कोणती म्हणतात. आणि १८३७च्या अमेरिकेवरच्या पुस्तकात ती एकच साधी गोष्ट करते : 'सगळी माणसं समान' या त्यांच्याच वाक्याशेजारी त्यांचे गुलाम आणि त्यांच्या बायका उभ्या करते. संपला विषय.

नंतर कॉम्तचे सहा जाडजूड खंड तिने १८५३मध्ये इंग्रजीत दोन खंडांत बसवले. कॉम्तला ते इतके आवडले की आपल्या अनुयायांच्या वाचनयादीत त्याने मूळ काढून हे घातलं. स्त्रियांची बुद्धी कमी असते असं मानणाऱ्या माणसाला त्याच्याहून नीटनेटकं लिहून दिलं एका बाईने. धास्ती वगैरे पुरुषांना झाली असेल. ही बाई बघायला निघाली होती.

---

तिरकस_चष्मा

मधली_सुट्टी +१. बाडिस.

---

खडूपाटी

बरं, आता माझी पाळी.

मार्टिनोबद्दल शरणागती. उद्या वर्गात तेच सांगणार. (पेपरात मात्र कॉम्तच लिहा, हेही सांगावं लागेल. पोटाचा प्रश्न आहे.)

दुपारचा_चहा, फर्ग्युसन मान्य, मिलर तर जास्तच मान्य. 'तो प्रश्न उशिरा आला' हे माझं वाक्य चुकलं. 'आलेला प्रश्न मागे सारला गेला' असं म्हणायला हवं होतं. पण तुम्हीच माझं काम सोपं केलंत. स्कॉटलंडमध्ये हे सगळं होतं, तरी वेगळ्या शास्त्राची गरज तिथे कोणाला भासली नाही. नीतिशास्त्र, इतिहास, कायदा यांच्यात ते सुखाने नांदत होतं. त्याला नाव, घर आणि पुजारी हवेसे वाटले ते पॅरिसला, जुनं घर जळल्यावर. कुतूहल असलं की माणूस पुस्तक लिहितो, पण पंचांग काढायला धास्तीच लागते. दुर्केमचंही तेच. एपिनालचा, रब्बीचा मुलगा. १८७०मध्ये तो बारा वर्षांचा होता. जर्मनांनी गाव घेतलं, मग पॅरिसचा उठाव. पुढे त्याने आयुष्यभर विचारलं काय, तर देवाशिवायच्या प्रजासत्ताकात माणसांना बांधून ठेवणारं काय?

आकडेमोड, तक्ते होतेच. पण तक्ता स्वतःहून बोलत नाही. त्याच तक्त्यांतून केतलेला 'सरासरी माणूस' दिसला आणि दुर्केमला 'विस्कटलेला समाज'. हा फरक तक्त्यात नव्हता.

---

पाणवठा

उशिरा आलो, सगळं वाचलं. एक गोष्ट कोणीच घेतली नाही म्हणून लिहितो.

९ मे १९१६. न्यू यॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा परिसंवाद. पंचवीस वर्षांचे आंबेडकर जातींच्या उगमावर निबंध वाचतात. त्यात आधार कुणाचा? वर ज्याचं मीठ निघालं त्याच तार्दचा. एका वर्गाने स्वतःच्या मुली-मुलांची लग्नं आपल्यातच कोंडली, दार लावून घेतलं. मग बाकीच्यांनी त्याची नक्कल केली. तार्दचे दोन नियम ते वापरतात : नक्कल वरून खाली वाहते, आणि जो जितका जवळ तितकी त्याची नक्कल दाट. म्हणून ब्राह्मणांच्या लगतच्या जातींत सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं कडक, दूर जाल तसं पातळ.

आता खडूपाटींच्या मुद्द्याकडे. दुर्केमने हरवलेला तार्द इथे का कामाला आला? कारण 'समाजाला बांधून ठेवणारं काय' हा प्रश्न ज्यांना बांधलेलं आहे त्यांचा नसतो. आंबेडकरांना जोडणारा डिंक शोधायचा नव्हता, दाराची कडी कोणी घातली ते शोधायचं होतं. म्हणजे धास्तीचं शास्त्र एकीकडे आणि कडी शोधण्याचं एकीकडे, आणि दोन्ही एकाच सामग्रीतून. तुम्ही पहिल्यालाच 'समाजशास्त्र' म्हणताय, तिथेच माझा आक्षेप आहे.

---

दुपारचा_चहा

@पाणवठा, हे झकास. पण तार्द काही कडी शोधत नव्हता हं. गर्दीची, संपकऱ्यांची धास्ती त्यालाही भरपूर होती, मॅजिस्ट्रेट होता तो. हत्यार कोणाच्या हातात गेलं एवढाच फरक.

---

पाणवठा

तेवढाच फरक पुरतो.

---

वाटसरू

अवांतर : आपल्याकडे कॉम्तचा वारसा आला कसा तेही गमतीचं आहे. मुंबई विद्यापीठात १९१९मध्ये समाजशास्त्राचा विभाग काढला पॅट्रिक गेडिस यांनी. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि योगायोगाने स्कॉटिश. घ्या, दुपारचा_चहा खूश. त्यांनी वर्गापेक्षा शहरं पायी हिंडण्यावर जास्त भर दिला. पाच वर्षांनी घुर्ये आले, ते केंब्रिजहून जात आणि नातेसंबंध शिकून. आणि लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ला मासिक काढलं त्याचं नाव 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट'! आत सगळं स्वराज्य, कपाळावर इंग्रज समाजशास्त्रज्ञ स्पेन्सरची वचनं. स्पेन्सरच्या अंत्यविधीला भाषण करून त्याच्या नावे ऑक्सफर्डला हजार पौंड जाहीर करणारे तेच. इंग्रज सरकारला ते नाव वाचून शास्त्रीय नियतकालिक वाटलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

आकडेमोड

@खडूपाटी, 'तक्ता स्वतःहून बोलत नाही' हे तुमच्या पहिल्या फळ्यावरच्या वाक्यालाही लागू आहे ना?

---

खडूपाटी

लागू आहे. आज वर्गात 'जनक' पुसून 'नाव ठेवणारा' लिहिलं. त्या मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे आत्या?"