लखनौच्या रेसिडेन्सीचं संग्रहालय: साहेबाची आरती?

तलावपाळीकर
परवा इथे कुणीतरी लिहिलं की रेसिडेन्सीचं (लखनौतलं इंग्रज रेसिडेंटचं ठाणं, १८५७ च्या उठावात वेढलं गेलेलं) संग्रहालय म्हणजे साहेबाची आरती, मराठी माणसाने तिकिटाचे पैसे घालवू नयेत. राहवलं नाही. अहो, भिंती बघितल्यात का तिथल्या? गोळ्यांनी पडलेली भगदाडं तशीच आहेत, आतल्या लाखोरी (जुन्या पातळ) विटा उघड्या. ३० जून १८५७ ला लखनौजवळच्या चिनहटला मार खाऊन इंग्रज आत पळाले आणि ४ जुलैला खुद्द त्यांचा प्रमुख हेन्री लॉरेन्स गेला. आरती अशी असते?

नेरूळकर_सेक्टर
लिहिणारा मीच. वेढा उठला, राज्य त्यांनी परत घेतलं, तेव्हा गोष्टही त्यांचीच. तिथला युनियन जॅक १९४७ पर्यंत सूर्यास्तालाही उतरवत नव्हते! आतल्या एकेका मोर्चाला (बचावाच्या ठाण्याला) साहेबाचं नाव. बाहेरून लढणाऱ्यांपैकी अवधची बेगम हजरत महल सोडून किती नावं आठवतात, सांगा.

वहिनी_घोडबंदर
आत इंग्रजांच्या बाजूने सातशेच्या आसपास हिंदी शिपाईही लढत होते, त्यांचा स्तंभ आवारातच आहे. त्यांना कुठल्या बाजूला टाकणार? बाकी, मागे एका संग्रहालयात दुपारी जेवायच्या वेळेला रखवालदाराने दिवेच घालवले. मुलगा तलवारीसमोर, आणि अंधार! बोलले तर म्हणतो, "ताई, बिल कोण भरणार?" आरती-बिरती राहू द्या, आधी उजेड द्या.

कोपरीचा_काका
लखनौला कशाला जाता? ठाण्याचं जेल म्हणजे किल्ला. सप्टेंबर १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथूनच निसटला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पेशवे-इंग्रजांची खडकीची लढाई. आपल्याकडे काय आहे? बाहेर रिक्षा स्टँड.

नेरूळकर_सेक्टर
काका, त्र्यंबकजीवर गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा आळ होता. त्याचं संग्रहालय?

कोपरीचा_काका
आळच ना? खटला कुठे चालला? पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाला धमकावून माणूस ताब्यात घेतला. पहारा मुद्दाम गोऱ्यांचा, तरी घोडेवाल्याने मराठी गाण्यातून बेत कळवला!

तलावपाळीकर
ती दंतकथा आहे.

कोपरीचा_काका
कलकत्त्याचा इंग्रज बिशप हीबर याने लिहून ठेवलीय.

तलावपाळीकर
१८२५ मध्ये! नऊ वर्षांनी, ऐकीव.

कोपरीचा_काका
आमचे आजोबा जेलखात्यात होते. त्यांनी ती भिंत दाखवली होती मला. तुम्ही पुस्तकं चाळत बसा.

तलावपाळीकर
आजोबा १८१६ ला ड्यूटीवर होते का?

कोपरीचा_काका
घरच्या माणसांवर यायचं काम नाही.

वहिनी_घोडबंदर
दोघेही थांबा. काका, ऐका: नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला त्याच जेलात फाशी दिलं. संग्रहालय करायचंच तर त्यांच्यापासून सुरुवात करा, डेंगळ्यांचं मग बघू.

नेरूळकर_सेक्टर
म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात: पाटी कोण लिहितो ते महत्त्वाचं.

तलावपाळीकर
त्यासाठी आधी जाऊन ती पाटी वाचावी लागते, साहेब. "जाऊ नका" हे तुमचं वाक्य होतं.

नेरूळकर_सेक्टर
बरं, जा. तिकीट तुमच्या पैशाने काढा, आणि हजरत महलबद्दल तिथे किती ओळी आहेत तेवढ्या मोजून या.

कोपरीचा_काका
पाटी लिहायची वेळ आली तर घोडेवाला वगळू नका, एवढंच.

तलावपाळीकर
"असे म्हणतात" लावून घालू.