मदत हवी आहे: ७ मेगाहर्ट्झचा डायपोल बांधला, नुसती घरघर

अर्धवट_वायर
४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तारेची अँटेना, बांधलाय, सगळं हिशोबाने केलंय, तरी काहीच येत नाही, नुसती घर्रर्र. रेडिओच्या स्वतःच्या दांडीवर यापेक्षा बरं येत होतं! दोन दिवस घालवलेत, बोटांना तारेचे चरे पडलेत. काय चुकतंय पटकन सांगा, आणि प्लीज 'आधी सर्च कर' म्हणू नका, करून झालंय.

बारा_व्होल्ट
रेडिओ कुठला, ऐकताय किती वाजता, तार कुठे, केबल कसली? काहीच सांगायचं नाही तर आम्ही काय कुंडली मांडू?

अर्धवट_वायर
साधा शॉर्टवेव्ह पोर्टेबल. तार गच्चीवर. टीव्हीची केबल उरली होती ती लावली. लांबी सूत्राने, १४३ भागिले ७.१ म्हणजे २० मीटर, दोन्ही बाजूंना. अजून काय पाहिजे?

एसडब्ल्यूआर_महाराज
टीव्हीची केबल!! ती ७५ ओहमची असते हो, आपल्याला ५० ची लागते. एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेनाचा मेळ किती बसतोय ते, मोजला का? मीटर नसेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही. आधी १:१ बॅलन (केबल आणि डायपोलच्या मधला जोड-ट्रान्सफॉर्मर) गुंडाळा.

तळ्यात_मळ्यात
महाराज, डायपोल मोकळ्या हवेत स्वतःच ७३ ओहमच्या आसपास असतो, ७५ ची केबल त्याला उलट सोयीची. आणि हा माणूस नुसता ऐकतोय, पाठवत नाहीये. पाठवायला लायसन्स लागतं, तेव्हा तुमचा मीटर काढा.
धागाकर्ते, 'दोन्ही बाजूंना' म्हणजे २० अधिक २०? अहो ती २० अख्ख्या डायपोलची लांबी आहे, अर्धी लहर. एकेक हात १० चा. (१५० ऐवजी १४३ का, तर टोकांच्या परिणामामुळे तार पाचेक टक्के आखूड ठेवावी लागते.) तुमची पूर्ण लहर झाली, तिला मधोमध केबल जोडली की तिथे हजारांत ओहम दिसणार, ७५ च्या केबलशी मेळ बसणार नाही.

अर्धवट_वायर
अरे देवा. कापतो लगेच.

यागीप्रेमी
डायपोलच्या नादी लागूच नका, यागी लावा, अनेक आडव्या दांड्यांची अँटेना. पुढे डायरेक्टर, मागे रिफ्लेक्टर, सिग्नल कसा ओढून घेते बघा. माझ्या टीव्हीला वर्षानुवर्षं तीच आहे.

बारा_व्होल्ट
यागीप्रेमी, ७ मेगाहर्ट्झच्या यागीचा एकटा रिफ्लेक्टरच २१ मीटरच्या आसपास जाईल, गच्चीवर फिरवणार कोण?
आणि धागाकर्ते थांबा, कापू नका! लांबी चुकली हे खरं, पण रोग तो नाही. या फ्रिक्वेन्सीवर आभाळातला न् आजूबाजूचा आवाज रेडिओच्या आतल्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो. मॅचिंग बिघडलं तर सिग्नल आणि घरघर दोन्ही सारखंच खाली येतं, ऐकायला फारसा फरक पडत नाही. तुमची घरघर तर दांडीपेक्षा वाढलीय, म्हणजे तार काम करतेय, घरातला कचरा गोळा करतेय. रेडिओ अडॅप्टरवर आहे का? आणि किती वाजता, हे अजून सांगितलं नाहीत.

अर्धवट_वायर
अडॅप्टरवरच, सेल कोण घालत बसणार. वेळ दुपारी एक.

तळ्यात_मळ्यात
आणि दांडीवर बरं येत होतं ते कधी?

अर्धवट_वायर
ते रात्री. पण त्याचा काय संबंध?

तळ्यात_मळ्यात
सगळा संबंध तोच आहे हो! दिवसा सूर्यामुळे आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात) खालचा डी थर तयार होतो, तो ७ मेगाहर्ट्झच्या लहरी खातो, म्हणून भरदुपारी फार तर काही शे किलोमीटरवरचं येतं. सूर्य मावळला की डी विरतो आणि लहर वरच्या एफ थरापर्यंत, अडीच-तीनशे किलोमीटरवर, जाऊन परत खाली वळते, मग हजारो किलोमीटरवरचं येतं. तुम्ही रात्रीची दांडी आणि दुपारचा डायपोल यांची कुस्ती लावलीत.

इतिहासवेडा
यावरून आठवलं, हे रिफ्लेक्शन माहीत नव्हतं तेव्हा १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार सिग्नल ऐकल्याचं सांगितलं, १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइडने वेगवेगळ्यानं सुचवलं की वर परतवणारा थर असावा. आणि जगदीशचंद्र बोस त्याआधीच मिलिमीटर लहरींवर प्रयोग करत होते, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

एसडब्ल्यूआर_महाराज
बोसांचं काम ५ मिलिमीटरचं, इथे ४२ मीटर चाललंय. हा वाद इथे कशाला?

इतिहासवेडा
तुमचा बॅलन तरी कुठे लागला इथे?

अर्धवट_वायर
भांडू नका, ऐका. अडॅप्टरची पिन काढली, सेल घातले. घरघर निम्मी गेली राव! मग मेन स्विच बंद केला तर उरलेलीही गेली. एकेक बटण चालू करून बघितलं, जिन्यातला एलईडी बल्ब लागला की खर्रकन परत. तो बंद ठेवून रात्री नऊला लावलं, ७.२ च्या वर स्टेशनंच स्टेशनं, इतकी जोरात की एकमेकांत घुसतायत. त्याच्या खाली मात्र कोणीतरी बोलतंय पण बदकासारखं.

बारा_व्होल्ट
बदकं म्हणजे हौशी रेडिओवाले, एसएसबी नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात, साध्या रेडिओला ती उलगडत नाही. रेडिओला एसएसबी नसेल तर बदकच ऐकत बसा, तार बदलून होणार नाही. आणि स्टेशनं घुसतायत कारण पोर्टेबलला एवढी लांब तार झेपत नाही, लोकल-डीएक्स (जवळचं-लांबचं) बटण असेल तर लोकलवर टाका.
आणि वीज कडाडली की अँटेनाचा प्लग रेडिओतून काढून ठेवा. तार विजेच्या तारांजवळ नाही ना?

अर्धवट_वायर
नाही, लांब आहे. पण एक घोळ झालाय. तुम्ही 'थांबा' लिहिलंत तोवर एक हात कापून झाला होता. आता एकीकडे १०, एकीकडे २०. दुसराही कापू का?

तळ्यात_मळ्यात
राहू द्या तसाच. मधोमध न जोडता एक तृतीयांशावर केबल जोडायचा प्रकार लोक मुद्दाम करतात, तुमचा चुकून झाला. ऐकायला चालतोय ना?

एसडब्ल्यूआर_महाराज
त्याला ४:१ बॅलन लागतो.