मदत हवी आहे: 'चार्ज' या शब्दाचे मराठी अर्थ

नमस्कार मंडळी, एका ओळखीच्यांची कर्जाची इंग्लिश कागदपत्रं मराठीत करून देतोय आणि 'चार्ज' या एकाच शब्दाने डोकं उठवलंय. लाईट बिलावर तो 'आकार' असतो, स्थिर आकार, वहन आकार वगैरे, ते ठीक. पोलिसांकडे गेला की आरोप, म्हणून चार्जशीटला दोषारोपपत्र, आणि कोर्टात पुढे आरोप निश्चिती. ऑफिसात नवीन साहेब आले की चार्ज घेतात म्हणजे पदभार किंवा कार्यभार. लाठीचार्ज म्हणजे लाठीमार. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र विद्युत प्रभार, धन आणि ऋण, आणि गंमत म्हणजे तोच प्रभार शाळेत प्रभारी मुख्याध्यापक होऊन बसतो!

आता माझी खरी अडचण. जमिनीवर बँकेचा चार्ज असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्कात 'बोजा' लिहितात, तो मी तसाच घेतलाय. पण कंपनीच्या कर्जात 'फ्लोटिंग चार्ज' असतो, म्हणजे गोदामातल्या मालावर बँकेचा हक्क, माल विकला जातो, नवीन येतो आणि हक्क नव्या मालावर चालू राहतो, त्याला काय म्हणायचं? 'तरता बोजा' लिहिलं तर लोक हसतील का? 'चल बोजा' चालेल? बँकेत किंवा वकिलीत असलेल्यांनी प्लीज सांगा, प्रत्यक्षात काय लिहितात ते. आणि मोबाईल चार्ज करणे याला 'प्रभारित करणे' कोणी खरंच बोलतं का हो, की चार्जच राहू देऊ?