अ‍ॅक्सेसिबलला ‘सुलभ’ म्हणावं का?

(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे बडोद्यातले त्यांचे भाग.)

दांडियाबाजार: पाचवीच्या पालकांना मराठीत चिठ्ठी द्यायचीये. मुलं प्रोजेक्ट मिळून करतात, त्यात एकाला कमी दिसतं, एकीला ऐकू कमी येतं, म्हणून ग्रुपवर्क अ‍ॅक्सेसिबल, म्हणजे सगळ्यांना भाग घेता येईल असं, करतोय हे कळवायचं होतं. मी ‘सुलभ गटकार्य’ लिहिलं तर त्या मुलाच्या आईचा फोन, “ताई, म्हणजे त्याला सोपं सोपं काम देणार का?” फार लागलं मला ते. अहो काम तेच आहे, फक्त तक्ता मोठ्या अक्षरांत आणि चित्रात काय आहे ते ग्रुपमधलं कोणीतरी बोलून सांगणार. शब्द सुचवा.

रावपुरा: ‘सुगम’ घ्या. सु + गम्, जिथे नीट जाता येतं ते. हिंदीत २०१५ पासून सुगम्य भारत अभियान आहेच. ‘सरळ’ तेवढं लिहू नका, गुजरातीच्या संगतीने इथे त्याचाही अर्थ सोपं असाच घेतात.

मांडवी: सुगम म्हटलं की सुगम संगीत, तिथेही हलकं, सोपं हाच भाव. आणि रॅम्पसाठी ठीक आहे हो, ग्रुपमध्ये नुसतं जाऊन काय होतं? माझा धाकटा भाऊ कमी ऐकायचा, त्याला ग्रुपमध्ये बसवायचे, सगळे एकदम बोलायचे, हा आपला चार्टच्या कडा रंगवत बसायचा. वर्षभर. साधं ‘सामील’ म्हणा.

रावपुरा: सामील अरबीतून आलाय. सयाजीरावांच्या गावात बसून आपण एक शब्द घडवू शकत नाही? १९३१चा शासनशब्दकल्पतरू, राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश, इथलाच ना?

मांडवी: त्या कोशात फारसीचाही रकाना आहे. महाराजांना विटाळ नव्हता, तुम्हाला का?

सुरसागर: मांडवीताई, तुमच्या भावासारख्यांसाठी जिगसॉची रीत चांगली. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली, धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे, त्याचं ऐकलं नाही तर सगळ्यांचंच अडतं. फक्त एका वेळी एकानेच आणि समोर तोंड करून बोलायचं, नाहीतर ओठ वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पण मला खुपतंय ते ‘गटकार्य’. घरी कार्य आहे म्हणजे लग्न नाहीतर मुंज!

रावपुरा: मग ‘जूथ’? गुजराती असला तरी मूळ संस्कृत यूथच.

मांडवी: यूथ हत्तींचं असतं. मुलं ‘ग्रुप’च म्हणतात, तेच ठेवा.

दांडियाबाजार: गट राहू दे हो. ‘सगळ्यांना सामील होता येईल, काम सोपं केलेलं नाही’ असं लिहू का?

रावपुरा: ‘सामील’ नको. ‘सहभागी’ लिहा.

मांडवी: सहभागी तर माझा भाऊपण होता, हजेरीत.